रिकामी बाटली
मरोळच्या गावठाणात कॉन्सेप्टाचा बाटली मसाला वर्षातून एकदाच, मे महिन्यात कुटला जाई. किती कुटायचा ते नवऱ्यावर ठरे; हेन्री वर्षभरात बिअरच्या जेवढ्या बाटल्या रिकाम्या करी, तेवढ्याच मसाल्यानं भरल्या जात. शेजारची रेजिना एकदा कुंपणावरून ओरडली, "हेन्री, यंदा जरा जास्त पी रे, पोरीचं लग्न आहे!" यंदा हेन्री नव्हता. सून सिंथियानं लॅपटॉपवर जुन्या ऑर्डरी मांडून अंदाज काढला आणि तेवढ्याच नव्या बाटल्या मागवल्या. सगळ्या संपल्यावर रेजिना दारात आली. "नात कॅनडाला निघालीय. एक तरी दे गं." मसाला उरला होता, पण पिशवीत तो टिकत नाही. कॉन्सेप्टानं येशूच्या तसबिरीमागची तपकिरी बाटली काढली. "मम्मी, ती पप्पांची शेवटची!" सिंथिया म्हणाली. कॉन्सेप्टा मसाला काठीनं ठासू लागली. "रिकामी बाटली त्याला कधी बघवायची नाही."