जज्ज क्रोची माफी

"पुन्हा आलात?" डार्लीननं दारातच हात आडवा धरला. "मागच्या रविवारी बाबांनी पेला फेकून मारला, तेवढ्यानं भागलं नाही वाटतं?"

"लागला नाही," ऑर्व्हिल म्हणाला.

"नेम चुकला म्हणून. लागला असता तर मीच बाबांची पाठ थोपटली असती."

ऑर्व्हिलनं टोपी काढून हातात धरली. पंच्याहत्तरी उलटलेला माणूस, गुडघ्यांतून गेलेला. पण टेनेसीतल्या त्या वृद्धाश्रमात त्याला ऑर्व्हिल कुणी म्हणत नव्हतं. तो जज्ज क्रो, एके काळी टीव्हीवरच्या कुस्त्यांतला खलनायक. तेव्हा अंगात काळा झगा, हातात लाकडी हातोडा. आपल्या पैलवानाला खोटंनाटं करून जिंकवायचं हा त्याचा धंदा. कुस्ती ऐन रंगात आली की पंचाची नजर चुकवून तो हातोडा बक टॉलिव्हरच्या टाळक्यात बसायचा. बक म्हणजे डार्लीनचा बाप, लोकांचा लाडका. दर शनिवारी टीव्हीसमोर बसून अख्ख्या मुलखानं जज्ज क्रोला शिव्या घातल्या. त्याच्या गाडीची चाकं फाडली. म्हाताऱ्या बायका त्याला विणायच्या सुया टोचायच्या.

आणि सगळं खोटं होतं. कोण जिंकणार, कोण कुठे पडणार, सगळं आधी ठरलेलं. पण ते फुटू द्यायचं नाही, पोटच्या पोरांनाही सांगायचं नाही, ही धंद्याची शपथ. हे दोघं एका टेबलावर जेवताना दिसले तर तिकीट कोण काढणार? म्हणून ऑर्व्हिल बकच्या घरी मागच्या दारानं जायचा. छोटी डार्लीन झोपली की बकची बायको मेव्हिस दिवा न लावता त्याला मक्याचा पाव आणि घेवडा वाढायची. अंधारात तिघं तोंड दाबून हसायचे. निघताना बक हात मिळवायचा, तो नुसता टेकवल्यासारखा. धंद्यातली खूणच ती. हात हलका तो आपला, आवळेल तो बाहेरचा.

मग मेव्हिस वारली.

ऑर्व्हिल दफनाला निघाला तेव्हा कुस्त्या भरवणारा मालक आडवा आला. "तू तिथे दिसलास की धंदा बसला समज. सगळ्या पोरांच्या पोटावर पाय देतोयस." तो स्वतः मात्र पहिल्या रांगेत जाऊन डोळे पुसत बसला, हरामखोर. आणि ऑर्व्हिलनं त्याचं ऐकलं. माणसाच्या दुःखाची किंमत तिकिटात मोजणाऱ्या माणसाचं ऐकलं. दफनभूमीच्या फाटकापलीकडे गाडी लावून, आत खाली सरकून त्यानं सगळं पाहिलं. उतरला नाही. पुढच्याच शनिवारी बकच्या टाळक्यात हातोडा घातला. लोक पिसाळले. मालक खूश.

मागच्या दाराशी जायला त्याला पुन्हा तोंड राहिलं नाही. बकनंही कधी विषय काढला नाही. आता काढणार तरी कसा? बकचं डोकंच ताळ्यावर नव्हतं.

"काल मला नर्सच्या नावानं हाक मारली त्यांनी," डार्लीन म्हणाली. "लेकीचं नाव विसरतात आणि तुमचं लक्षात ठेवतात. रविवार आला की दाढी करून द्या म्हणतात. खुर्ची हॉलच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल अशी ठेवा म्हणतात. तुम्ही गेलात की रागाच्या भरात चार घास जास्त जेवतात, एवढंच काय ते तुमचं पुण्य. पण काळजाला झेपणार नाही म्हणतात डॉक्टर. आज शेवटचं. यापुढे पाय ठेवलात तर पोलीस बोलावीन."

सांगून टाकावं, असं ऑर्व्हिलच्या जिभेवर आलं. तुझ्या आईच्या हातचं जेवलोय मी, पोरी. पण जीभ उचलेना. जन्माची सवय.

"पाच मिनिटं," तो म्हणाला. "माफी मागायचीय."

"कसली? हातोड्याची?" डार्लीन हसली. "मागा की. बघू पचते का त्यांना."

हॉलमध्ये जेवणं आटोपली होती. मिसेस ग्रब्ज विणकाम टाकून ओरडली, "आला बघा मुडदा! अजून नेलं नाही का रे तुला मातीनं?"

"मातीलाही किळस असते, बाई!" मागून एक म्हातारा म्हणाला. हॉल खदखदला.

बक मधोमध बसला होता, केस चापून बसवलेले. ऑर्व्हिलला पाहताच त्यानं बोट रोखलं. "पाय वर घ्या, बायांनो! साप शिरलाय!"

चमचे टेबलांवर आपटू लागले. सवयीनं ऑर्व्हिलचे ओठ वाकडे झाले, पण त्यानं ते सरळ केले. आज सोंग करायचं नव्हतं. हा माणूस मरायच्या आत त्याला एकदा कळायला हवं होतं, मग साऱ्या हॉलला कळलं तरी बेहत्तर. तो खुर्चीपाशी जाऊन वाकला.

"बक, आज तमाशा नको. सांगू दे मला सगळ्यांसमोर. तू आणि मी कधी वैरी नव्हतोच. मेव्हिसच्या वेळी मी..."

बक उठला. महिनोन् महिने आधाराशिवाय न उठलेला माणूस ताडकन उठला आणि दोन्ही हातांनी त्यानं ऑर्व्हिलचा गळा धरला. खुर्ची उलटली. डार्लीन किंचाळत धावली.

"आवळ, बक! सोडू नको!" मिसेस ग्रब्ज सुई नाचवत उभी राहिली होती.

ऑर्व्हिलनं डोळे मिटले. बरंच झालं, त्याला वाटलं. हेच येणं होतं आपल्या वाट्याला. तो गळा आवळला जायची वाट पाहत राहिला.

दाब आलाच नाही. बोटं गळ्यावर नुसती टेकलेली होती.

बकनं दात विचकत, चावा घेतल्यासारखं तोंड त्याच्या कानाशी नेलं.

"फाटकापलीकडची तुझी गाडी मी पाहिली होती," तो कुजबुजला. "आता पड. लोक बघतायत."