लाल दाढीचा मूर

स्पेनमधल्या त्या डोंगरी गावात दर एप्रिलला निम्मे लोक ख्रिश्चन होतात, निम्मे मूर, म्हणजे मोरोक्कोकडून समुद्र ओलांडून आलेले जुने मुसलमान, आणि आठशे वर्षांपूर्वीचं युद्ध चौकात पुन्हा लढतात. यंदा आपणही मूर व्हावं म्हणून रिदवान बाउतिस्ताच्या खिळ्यांच्या दुकानात गेला. मूरांचा सरदार बाउतिस्ता तोंडाला काजळ फासत बसला होता.

“तू नको रे बाबा,” तो म्हणाला. “लाल दाढीचा मूर कुणी पाहिलाय? लोक हसतील.”

रिदवान मोरोक्कोचा. दाढी आजोबांची, आणि आजोबा मशिदीत बांग द्यायचे. त्याच्या डोक्यात अशी तिडीक गेली, की तडक ख्रिश्चनांच्या गोटात जाऊन त्यानं क्रूसाचा अंगरखा चढवला.

शेवटच्या दिवशी पुठ्ठ्याच्या किल्ल्यासमोर ख्रिश्चनांच्या दूताचा घसा बसला. मूरांना हाकलायचं भाषण तसंच राहिलं. रिदवान पुढं झाला.

“परक्या, ही जमीन आमची आहे. आलास तसा समुद्रापलीकडं चालता हो!”

तो असा गरजला, की चर्चवरची कबुतरं उडाली ती शेजारच्या गावात जाऊन बसली, अजून परतलेली नाहीत. किल्ल्यावर बाउतिस्ताच्या हातून तलवार गळाली.

पंगतीत त्यानं रिदवानच्या पाठीवर थाप मारली. “अंगावर काटा आणलास, लेका. एवढं पाठ कधी केलंस?”

रिदवानची दाढी अजून थरथरत होती.

“पाठ कशाला करायचं? अकरा वर्षं तुझ्या दुकानात खिळे घ्यायला येतोय, दर वेळी हेच ऐकून जातोय.”