बारा वर्षांची कुमुदं

मलप्पाने पहार हौदाच्या कठड्यावर आपटली.

"लई झालं, मास्तर. माझी पोरगी वर्षाराणी चार दिवसांपासून सलाईनवर हाय. डेंगू! आन् तुम्ही दारात डबकं करून फुलं लावून राहिले."

शिवशंकर मास्तर हौदासमोर आडवे आले.

"डबकं नाही," ते हळूच म्हणाले. "कुमुदं आहेत. बारा वर्षांची."

भिंतीवरून शेजारी डोकावत होते. "फोड रे मलप्पा," एकजण म्हणाला. "लातुरात माणसाला आठ दिवसांनी पाणी, आन् मास्तराच्या पानाफुलाला हौदभर!"

"थांबा." महापालिकेच्या आरोग्य विभागातल्या वहिदाताई टॉर्च घेऊन पुढे आल्या. "आधी मला बघू द्या. डासाची एक जरी अळी घावली, तर मीच फोडा म्हणते."

मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

ताईंनी पाण्यावर तरंगणारी जलकोबी बाजूला सारली. कुमुदाची पाने उलटी करून पाहिली. पांढऱ्या डावाने दहा ठिकाणचे पाणी काढले. दहाही वेळा नितळ. एकदा तेवढा गप्पी मासा आला.

"एक बी अळी न्हाई. मासे सगळ्या खातेत. बघा की, कसे टुंब झालेत!" त्या मलप्पाकडे वळल्या. "तुमचा कूलर बघितला का?"

"दोनदा रिकामा केला, ताई. माठ बी पालथे घातले."

"मास्तर, तुमची पिंपं?"

"झाकलेली असतात."

ताईंनी वहीत टिपून घेतले. "माशांना काय घालता?"

"दुकानातला दाणा तोंडात धरत नाहीत," मास्तर माशांकडे बघत म्हणाले. "घरचंच घालतो."

मलप्पाने पहार खांद्यावर टाकली. "पोरीला काय झालं ना, मास्तर, तर ताईंनी वहीत काय लिवलंय ते बघणार न्हाई मी." जाताना त्याने फाटकाला लाथ घातली. भिंतीवरची डोकी एकेक करून खाली गेली.

ताईही वही मिटून निघून गेल्या. उलटलेली पाने मास्तरांनी एकेक करून सरळ केली. मासे वर येऊन तोंडे उघडत होते. या गडबडीत त्यांच्या खाण्याची वेळ टळून गेली होती.

मास्तर मोरीमागे गेले. मलप्पाच्या भिंतीला टेकून पिंप होते. त्यावरचे फाटके पोते त्यांनी उचलले, तोंडाभोवती उठलेले डास हाताने हाकलले आणि चहाच्या जुन्या गाळणीने मूठभर वळवळत्या अळ्या उपसून घेतल्या.