कोळ्यावरचा आळ

पहाटेच्या धुक्यात जास्वंदीवरचे जाळे दवबिंदूंनी मौक्तिकमय झाले होते. मधोमध पिवळ्या पट्ट्यांचा कोळी ध्यानस्थ होता. कमलिनीबाईंनी खराटा उगारला.

"अहो, हाच मेला झोपेत माझ्या कपाळावर मुतला! बघा, कसे फोड उठलेत."

"तो बागेतच राहतो, निरुपद्रवी आहे," म्हणत पती त्र्यंबकशास्त्री जवळ आले. फोड कपाळाच्या केवळ उजव्या बाजूस उठून पापणीकडे उतरत होते. त्यांनी खराटा काढून घेतला. "ही नागीण उठली आहे. डोळ्यात उतरली तर दृष्टी जाईल. आत्ताच डॉक्टरांकडे चल."

"म्हणजे कोळी सुटला, आता आळ नागिणीवर?" हसत त्यांनी शास्त्रीबुवांचा हात घट्ट धरला.

फाटकाशी थांबून कमलिनीबाईंनी डावा डोळा मिटला. उजव्या डोळ्यास उगवते सूर्यबिंब अजून संपूर्ण दिसत होते.