जोरात हलवू नये
फुरसं चावलेल्या बनूला कुडपणहून डोलीतून पोलादपूरच्या दवाखान्यात आणलं, तेव्हा डॉक्टर महाडला गेले होते. दवाखान्यात एकटा कंपाउंडर झकेरिया होता. सर्पविषावरचं औषध म्हणजे गोठवून सुकवलेली भुकटी. बर्फाशिवाय टिकायची, पण एकच कुपी उरली होती. त्याने तीत पाणी सोडलं. "जोरात हलवलंस तर फेसाने औषध फुकट जाईल," डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि त्याचे हात थरथरत होते. बनूच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. "काय झाला रे?" तिच्या आईने, राहीबाईने विचारलं. "मावशी, हात थांबत नाहीत." "आण हिकडं." तिने कुपी तळव्यांत धरून वातीसारखी हळूहळू फिरवली. भुकटी विरघळली. तिनेच त्याचं मनगट धरलं आणि सुई बनूच्या शिरेत गेली. दुपार कलताना रक्त थांबलं. "आये, भूक लागली गो," बनू पुटपुटली. तेव्हा कुठे राहीबाईने हंबरडा फोडला.