खिडकीवरचा आकडा

"जेवताना टोपी काढत नाही, तोंडात घास असताना बोलतो, आणि बोलतो तेही नुसतं इंजिनाबद्दल!" व्हर्नाआजी नातीला, ट्रेसाला, म्हणाली.

रॉइस समोरच बसला होता. त्याने मुकाट्याने टोपी काढली.

टेनेसीहून तो इथे केंटकीत ट्रेसाला मागणी घालायला आला होता. आजी हो म्हणाली की घर हो म्हणालं, असं ट्रेसानं त्याला बजावलं होतं.

"आजी, माझी नोव्हा गाडी बघा तरी. अंगानं एवढीशी, पण जुनं इंजिन काढून केवढं दांडगं बसवलंय!"

"उंदराला हत्तीचं काळीज." आजीने त्याच्या ताटात मक्याचा पाव वाढला. तिच्या बोटांना बुटांचं पांढरं पॉलिश लागलं होतं. उद्या चर्चला जायची तयारी, रॉइसच्या मनात आलं.

"आज दुपारी शर्यत आहे. इथली एक जुनाट हिरवी डार्ट गाडी म्हणे कुणाला हार जात नाही. सकाळी सरावाला आली, तर तिचा चालक हेल्मेटसुद्धा न काढता निघून गेला. एवढा तोरा! त्याला हरवलं नाही, तर ट्रेसाचं नाव घेणार नाही!"

ट्रेसाला ठसका लागला. आजीने तिच्या पाठीत थाप मारली.

"तुझ्या गाडीपुढे डार्ट कसली टिकते?" आजीने रॉइसला विचारलं.

"तिला आधी सोडतात ना. किती सेकंदांत पोचणार, ते ज्यानं त्यानं गाडीच्या खिडकीवर लिहायचं; त्या फरकाइतकी हळू गाडी आधी सुटते. लिहिल्यापेक्षा लवकर पोचला, तो बाद."

"म्हणजे स्वतःला आवरता आलं पाहिजे."

"या ना बघायला!"

"मला दुपारी कामं आहेत."

दुपारी नोव्हा अशी गुरगुरली की माणसं बाकांवरून उठली. शेजारच्या पट्टीवरून डार्ट आधी सुटली, मग रॉइस. बघता बघता त्याने तिला गाठलं. शेवटच्या रेषेजवळ डार्ट जराशी मंदावली. रॉइसला राहवेना. त्याने अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला, पुढे निघाला आणि आनंदाने ओरडला.

मग फलकावर त्याच्या बाजूचा लाल दिवा लागला. लिहिल्यापेक्षा लवकर पोचला होता.

हेल्मेट काढून त्याने टोपी चढवली आणि जड पावलांनी डार्टकडे गेला. तिच्या काचेवर पांढऱ्या पॉलिशने आकडा लिहिलेला होता. रॉइसने टोपी काढली.

"तुम्ही जिंकलात," तो म्हणाला. "मी मात्र सगळंच हरलो."

चालकाने हेल्मेट उतरवलं. पांढरे केस खांद्यावर पडले.

"न सांगता टोपी काढलीस, म्हणून पोरगी दिली," व्हर्नाआजी म्हणाली. "पण उतावळ्या नवऱ्या, लग्नाच्या दिवशी गाडी मी चालवणार!"