आमच्या नावाचं गाव

बाळ दत्तक घेतोय, असा आमच्या मुलाचा, जाइल्सचा फोन आला आणि तेव्हापासून यांचा पाय घरात ठरेना. चहा गार व्हायचा आणि हे आपले बागेत येरझाऱ्या घालत.

"कुणाचं कोण पोर, आणि त्याला आमचं आडनाव? अख्ख्या इंग्लंडात बोटांवर मोजण्याइतके स्कार्थविक उरलेत, विनी! लिंकनशरमध्ये आमच्या नावाचं गाव आहे गाव!"

"मग एकदा बघून तरी या ते," मी वैतागून म्हटलं. तर मलाच गाडीत घालून निघाले.

गावात सगळ्यांची आडनावं पिंडर, नाहीतर मॉब्स. चर्चच्या आवारातल्या थडग्यांवरही एक स्कार्थविक सापडेना. शेवटी यांनी पाद्रीबाईंना गाठलं. "आमच्या पूर्वजांची हवेली कुठे होती हो?"

बाई जरा घुटमळल्या. "गावाचं नाव गावातलं कुणी लावत नसे. पण चर्चच्या दारात कुणी तान्हं मूल सोडून गेलं, तर त्याला आडनाव कुठून आणणार? मग बाप्तिस्म्याच्या वेळी गावाचंच नाव द्यायचे. तुमचे मूळ पुरुष इथेच सापडले." त्यांनी दाराबाहेरच्या दगडी बाकाकडे बोट केलं.

हे त्या बाकावर टेकले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच जागचे हलले नाहीत. मग दगडावरून हात फिरवत म्हणाले,



"किती गार आहे गं हा. जाइल्सला फोन लाव. बाळाला नीट पांघरूण आहे ना, विचार."